काळ्या पाण्याचा तळ

"काळें पाणी" हे दोन शब्द आमच्या पिढीच्या कानांवर प्रथम पडले ते एका शिक्षेचें नांव म्हणून. घरांतील वडील मंडळी अंदमानचा उल्लेख करीत तो बहुधा आवाज उतरवूनच. त्या धास्तीला तुरुंगाच्या भिंती जशा कारण होत्या, तशी दुसरीही एक गोष्ट कारण होती. समुद्रयान हें आपल्या शास्त्रकारांनीं कलिवर्ज्यांत घातलेलें. समुद्र ओलांडला कीं पंक्तिव्यवहार तुटला, आणि सुदैवानें परत येणें झालेंच, तर प्रायश्चित्ताचा प्रश्न दारांत उभा. सरकारनें दिलेली शिक्षा देहाला आणि समाजानें दिलेली त्याहून आंत, अशी ती दुहेरी कैद होती. त्याच पाण्यावर गेल्या फाल्गुनांत आम्ही एका घरचीं सहा माणसें, अंगांत नारिंगी जाकिटें चढवून आणि वर पैसे मोजून, मोठ्या हौसेनें गेलों.

अंदमान-निकोबार हा लहानमोठ्या पांचशेंहून अधिक बेटांचा पुंजका आहे. त्यांपैकीं मनुष्यवस्ती चाळिसांहूनही कमी बेटांवर. चेन्नईपासून अंतर सुमारें १,३५० किलोमीटर. मुख्य शहर पोर्ट ब्लेअर. हा आर्चिबाल्ड ब्लेअर कंपनीच्या मुंबईकडील आरमारांतला लेफ्टनंट. त्यानें १७८९ सालीं येथें पहिली वसाहत घातली, ती १७९६ सालीं मोडली. पुढें सत्तावनच्या उठावानंतर, १८५८ च्या मार्चांत, दोनशें बंदिवान घेऊन डॉ. वॉकर आला आणि काळ्या पाण्याचा खरा इतिहास सुरू झाला. सप्टेंबर २०२४ पासून शहराचें सरकारी नांव श्रीविजयपुरम् असें झालें आहे. आम्हांला भेटलेले रिक्षावाले मात्र जुन्याच नांवानें हांक मारीत होते.

आमच्या मंडळींत पुतण्या, सूनबाई, त्यांचीं दोन मुलें, मी, आणि आमच्या थोरल्या वहिनी. वहिनींचें वय बहात्तर. बेत ठरला तो असा: सकाळीं रॉस बेट, दुपारीं नॉर्थ बे, आणि तेथें ज्याची इच्छा असेल त्यानें पाण्यांत उतरून प्रवाळ पाहावें. आदल्या रात्रीं जेवतांना वहिनी सहज म्हणाल्या, "मीही उतरणार आहें." पुतण्याचा घांस हातांतच राहिला. "आई, तुझे गुडघे, तुझा रक्तदाब! कांचेच्या तळाची होडी असते, तींतून सगळें दिसतें." वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारूनच निघाल्यें मी. गोळी चुकवूं नका, दमलांत तर बाहेर या, एवढेंच त्यांनीं सांगितलें." मग माझ्याकडे वळून, "भावजी, तुमचें काय मत?"

येथें थोडें मागें जावयास हवें. वहिनींचें माहेर आंजर्ल्याचें. कड्यावरच्या गणपतीच्या पायथ्याशीं वाढलेली ही मुलगी. रात्रीं अंथरुणांत पडल्यावर समुद्राची गाज कानांवर येई. देवळाच्या आवारांतून सुवर्णदुर्ग दिसे. भाऊ भरतीच्या वेळीं पोहत. मुलींनीं मात्र पाणी घोट्याला लागलें कीं माघारीं फिरावें असा दंडक. समुद्र पाहावयाचा, समुद्रांत जावयाचें नाहीं. एकोणिसाव्या वर्षीं लग्न होऊन त्या पुण्यास आल्या, आणि मग तर पाहणेंही राहिलें. हें त्यांनीं कधीं तक्रार म्हणून सांगितल्याचें मला आठवत नाहीं. पापड लाटतांना जसें कांहीं बोलावें तसें त्या बोलत. मीं सांगितलें, "वहिनी, मत विचारतां म्हणून बोलतों. अवश्य उतरावें. वाटाड्याचा हात मात्र सोडूं नये." पुतण्या गप्प बसला, पण त्याची मुद्रा कांहीं उजळली नाहीं.

सकाळीं धक्क्यावर पोहोंचलों तेव्हां समुद्र तेलासारखा शांत होता. रॉस बेट तेथून हाकेच्या अंतरावर. ह्या बेटाला २०१८ च्या डिसेंबरापासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असें नांव आहे, कारण ३० डिसेंबर १९४३ रोजीं नेताजींनीं ह्याच शहरांत तिरंगा फडकविला होता. १८५८ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत इंग्रजी अंमलाची राजधानी ह्या चिमुकल्या बेटावर होती: मुख्य आयुक्तांचा बंगला, चर्च, बेकरी, नृत्यशाळा, सगळा सरंजाम. १९४१ च्या जूनमध्यें मोठा भूकंप झाला, १९४२ च्या मार्चांत जपानी आले, आणि तो संसार उठला तो उठलाच. आतां वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांनीं त्या भिंती मुळ्यांच्या मिठींत घेतल्या आहेत. भिंत झाडाला धरून आहे कीं झाड भिंतीला, हें सांगतां येत नाहीं. हरणें माणसांजवळ येऊन हुंगतात. मुलांना हरणें आवडलीं, मला चर्चच्या रिकाम्या खिडक्या. तासाभरांत आम्ही पुन्हां होडींत.

रॉसहून नॉर्थ बेकडे जातांना खाडीपलीकडे सेल्युलर जेल दिसतो. १८९६ ते १९०६ ह्या काळांत बांधलेल्या ह्या तुरुंगाला सात भुजा होत्या. आज तीन शिल्लक आहेत. एका भुजेच्या कोठड्यांचीं दारें दुसरीच्या पाठीकडे तोंड करून, म्हणजे बंद्याला बंद्याचें तोंड दिसूं नये. बाबाराव आणि विनायकराव सावरकर हे सख्खे बंधु ह्याच भिंतींआड होते. विनायकराव १९११ पासून १९२१ पर्यंत. बारींद्रकुमार घोष, उल्लासकर दत्त हे बंगालचे वीरही येथेंच कोलूला जुंपले गेले. आदल्याच दिवशीं आम्ही तो तुरुंग पाहून आलों होतों, म्हणून होडींत कोणी फारसें बोललें नाहीं. वहिनींनीं तेवढे हात जोडले.

नॉर्थ बेचा दीपस्तंभ वाचकांनीं न जातांही पाहिलेला आहे. वीस रुपयांच्या जुन्या नोटेच्या पाठीवर माडांच्या पलीकडे जी टेकडी आणि दीपस्तंभ आहे, तो हाच देखावा. २०१९ सालीं निघालेल्या हिरवट पिवळ्या नोटेवर त्याच्या जागीं आपलें वेरूळ आलें. किनारा मात्र नोटेवरल्याइतका निवांत राहिलेला नाहीं. शहाळीं, भजीं, भाड्याच्या खुर्च्या, आणि "हें घ्या, तें घ्या" म्हणून मागें लागणारे दलाल. एकानें तर आम्हांला तीन निरनिराळ्या योजना तीन निरनिराळ्या किंमतींना एकाच श्वासांत सांगितल्या. घरून आणलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी माडाखालीं बसून खाल्ली, आणि अर्धा तास तसेच बसलों. भरल्या पोटीं पाण्यांत जाऊं नये हा नियम आजीच्या काळचा असला तरी मोडण्याजोगा नाहीं.

आतां त्या उपकरणाविषयीं, कारण तें समजल्यावांचून भीति जात नाहीं. आपला डोळा हवेंत पाहण्यासाठीं घडलेला आहे. प्रकाशकिरण हवेंतून बुबुळाच्या पारदर्शक पडद्यांत शिरतांना वळतात, आणि त्या वळण्यावर सारें स्पष्ट दिसणें अवलंबून. डोळ्याला पाणी लागलें कीं तें वळणें जवळजवळ नाहींसें होतें, म्हणून पाण्यांत डोळे उघडले तर सारें धूसर. कांचेचा मोठा चष्मा नाकासकट चेहऱ्यावर बसविला कीं डोळ्यापुढें हवेचा थर राहतो आणि दृष्टि परत मिळते. मात्र वस्तु सुमारें तिपटीच्या एका भागानें मोठ्या आणि जवळ आलेल्या भासतात. मासा वीतभर म्हणून कोणी सांगूं लागला तर त्यांतून कांहीं बोटें वजा करावींत. दुसरें उपकरण म्हणजे तोंडांत धरावयाची वांकडी नळी, तिला स्नॉर्कल म्हणतात. ती हातभरही लांब नसते. नातवानें विचारलें, "आबा, दहा फूट नळी घेतली तर तळाशीं बसतां येईल ना?" येणार नाहीं. थोडें खोल गेलें कीं छातीवर पाण्याचा दाब इतका पडतो कीं फासळ्या फुगवितांच येत नाहींत. शिवाय लांब नळींत आपलाच सोडलेला श्वास अडकून पुन्हां आंत येतो. म्हणून पालथें तरंगत राहावें, तोंड पाण्यांत, नळीचें टोंक वर, आणि श्वास संथ ठेवावा.

हा संथ श्वासच कठीण. माणूस घाबरला कीं तो भराभर श्वास घेऊं लागतो, नळींत पाणी जातें, आणि तो ताडकन् उभा राहतो, बहुधा प्रवाळावरच. सूनबाई चांगल्या पोहणाऱ्या, पण त्यांना तीन वेळां उठावें लागलें. पुतण्यानें दुसऱ्याच खेपेस नाद सोडला. वहिनींनीं पंजाबी पोशाख घातला होता, वर जाकीट. वाटाड्यानें त्यांना रबरी कड्याला धरावयास सांगितलें आणि कमरेइतक्या पाण्यांत दहा मिनिटें नुसता श्वास घ्यावयास लाविलें. चाळीस वर्षें रोज पहांटे प्राणायाम केलेली बाई. तिला "आंत घ्या, थांबा, सोडा" हें शिकवावें लागलें नाहीं. त्या मुलानें माझ्याकडे पाहून म्हटलें, "ह्यांना सांगायला कांहीं उरलेंच नाहीं." हा वाटाड्या पंचविशीचा, आजोबा पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेले. फाळणीनंतर, १९४९ पासून, सरकारनें अशीं कुटुंबें येथें जमीन देऊन वसविलीं. त्यांतलें हें एक घर.

मग आम्ही तिघें त्या कड्याला धरून निघालों.

पहिले वीस-पंचवीस हात जें दिसलें तें लिहितांना हात अडतो, पण प्रवासवर्णन म्हणजे जाहिरात नव्हे. करड्या काड्यांचा ढीग. जळून गेलेल्या जंगलाचीं खोडें उभीं असावींत, कांहीं आडवीं पडावींत, आणि सर्वांवर गाळाची साय धरावी, तसें. मधूनच एखादा मासा, वाट चुकल्यासारखा. पुढें तळ थोडा खोल गेला आणि पहिला जिवंत खडक आला. गाडीच्या चाकाएवढा, पिवळसर तपकिरी, त्याच्या पाठीवर माणसाच्या मेंदूसारख्या वळ्या. त्याच्या पलीकडे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, टोंकांशीं फिकट जांभळी झांक. फांद्यांत बोटाएवढे निळे मासे. सावली पडली कीं सगळे एकदम आंत, सरली कीं सगळे बाहेर, शाळा भरल्याची आणि सुटल्याची घंटा व्हावी तसे. एक प्रचंड शिंपला अर्धवट उघडा होता. त्याच्या ओठांवर मोरपिसाचा निळा रंग. समुद्रफुलाच्या लवलवत्या बोटांत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा. ह्या माशांची गंमत अशी कीं सारे जन्मतःच नर असतात. कुटुंबांतील सर्वांत मोठा असेल तो मादी होतो, आणि ती गेली कीं तिच्या खालचा नर तिची जागा घेतो. थोरल्या वहिनींच्या पाठीमागें घर कोणी सांभाळावें हा प्रश्न त्यांनीं असा कायमचा सोडविला आहे.

वहिनींनीं मध्येंच डोकें वर काढून नळी काढली. मी घाबरलों. त्या म्हणाल्या, "भावजी, पाण्याखालीं कोणी कुरडया खात बसलें आहे काय?" खरेंच आवाज येत होता, बारीक आणि अखंड. तो पोपटमाशाचा. चोंचीसारख्या दातांनीं तो मेलेल्या प्रवाळाचा पृष्ठभाग शेवाळासकट खरवडतो, दगड पोटांत भरडतो, आणि वाळू करून मागें टाकतो. उष्ण कटिबंधांतल्या अनेक बेटांवरची जी शुभ्र वाळू आपण वाखाणतों तिचा मोठा भाग माशाच्या पोटांतून आलेला असतो. वहिनींनीं हें ऐकून घेतलें आणि पुन्हां तोंड पाण्यांत घातलें.

प्रवाळ म्हणजे काय, ह्याविषयीं आपल्या घरोघरीं एक घोटाळा आहे. अंगठींतलें तांबडें पोवळें तें हें नव्हे. तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतून येतें आणि बरेंच खोल वाढतें. अमरकोशांत प्रवाळाला विद्रुम म्हटलें आहे, आणि त्या शब्दांत द्रुम म्हणजे झाड दडलेलें आहे. युरोपांतही शतकानुशतकें त्याला वनस्पतिच मानीत. अठराव्या शतकांत पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें हीं फुलें नसून प्राणी आहेत असें सांगितलें, तेव्हां तेथील पंडितांना तें पटेना. वस्तुतः प्रत्येक प्रवाळ म्हणजे हजारों सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. प्रत्येकजण आपल्यापुरती चुनखडीची वाटी बांधतो, आणि मुलानें बापाच्या भिंतीवर मजला चढवावा तशी पिढी पिढीवर चढत जाते. फांद्यांच्या जातींतील कांहीं वर्षांत वीतभर वाढतात. गोल खडक मात्र वर्षाला बोटभरही वाढत नाहीं. आम्हीं पाहिलेला तो चाकाएवढा खडक माझ्याहून वयानें मोठा असणार.

तरी मुख्य नवल पुढेंच आहे. हें पाणी इतकें निर्मळ कां? कारण तें उपाशी आहे. कोंकणचा समुद्र गढूळ दिसतो, कारण नद्या त्याला माती आणि खाद्य पुरवितात. येथील निळ्या पाण्यांत खाण्यासारखें फारसें नसतें. आणि तरी एवढा जीवसंभार नांदतो. ह्याचें रहस्य प्रवाळाच्या कातडींत राहणाऱ्या एकपेशी शैवालांत आहे. प्रवाळानें निवारा द्यावा, आपलें टाकाऊ द्रव्य द्यावें. शैवालानें सूर्यप्रकाशावर अन्न शिजवून त्यांतला मोठा वांटा यजमानाला द्यावा. बाहेरून आणणें थोडें, घरांतच फिरविणें फार. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. प्रवाळाचे रंगही बरेचसे ह्या बिऱ्हाडकरूचेच.

पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादाच अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसें राहिलें, तर हें घर फुटतें. शैवाल बाहेर टाकलें जातें. पारदर्शक कातडीखालचा पांढरा चुना उघडा पडतो. प्रवाळ लगेच मरत नाहीं. पाणी लवकर निवलें तर बिऱ्हाड परत येतें. न निवलें तर उपासमारीनें मरण. अंदमानांत १९९८, २०१० आणि २०१६ ह्या सालीं हें घडलें. २०२४ सालीं लक्षद्वीपांतही मोठ्या प्रमाणावर घडलें. २०१० च्या उन्हाळ्याविषयीं वाटाड्यानें सांगितलें तें असें: "मी दहा-अकरा वर्षांचा होतों. बाबांच्या होडींतून खालीं पाहिलें तर सगळें पांढरें. मला वाटलें, किती छान! बाबा रडले होते." २००४ च्या सुनामीच्या भूकंपानें आणखी निराळाच प्रकार केला. उत्तर अंदमानचा किनारा कांहीं ठिकाणीं सुमारें मीटरभर वर उचलला गेला आणि तेथील प्रवाळ उन्हांत उघडें पडून वाळून गेलें. दक्षिणेकडील जमीन उलट खचली. भूकंपाला कोणी आवरूं शकत नाहीं. होडीचे नांगर, गाळ, पर्यटकांचे पाय, हें मात्र आवरण्यासारखें आहे. वांडूरच्या बाजूस १९८३ पासून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील जॉली बॉय आणि रेड स्किन हीं बेटें आळीपाळीनें बंद ठेवतात, प्लॅस्टिकची बाटलीही बरोबर नेऊं देत नाहींत. नॉर्थ बेलाही तशी सुटी मिळाली पाहिजे असें माझें स्पष्ट मत आहे, मग शहाळेंवाल्यांची दुसरी सोय सरकारला करावी लागली तरी.

आम्ही बाहेर आलों तेव्हां नातवानें वाळूंतून प्रवाळाची एक सुरेख फांदी उचलून आणली होती. शाळेंत दाखवावयाची म्हणून. वाटाड्यानें ती नेतां येणार नाहीं म्हणून सांगितलें. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें दगडी प्रवाळांना वाघाच्याच पंक्तीस, पहिल्या अनुसूचींत, बसविलें आहे. मुलगा हुज्जत घालूं लागला. "पण हें मेलेलें आहे!" त्याचा प्रश्न गैर नव्हता, म्हणून उत्तरही सरळ द्यावें लागलें: प्रवाळाचीं पिलें पाण्यांत तरंगत असतात आणि त्यांना बसावयास कठीण जागा लागते, जुनीं घरें उचलून नेलीं तर नवीं कशावर बांधावयाचीं? शिवाय हाच तुकडा उद्यां झिजून किनारा होणार. तो बराच वेळ फांदी हातांत फिरवीत राहिला. मग गुडघाभर पाण्यांत जाऊन त्यानें ती अगदीं हळू खालीं ठेवली, जणूं ती मोडेल.

वहिनी माडाखालीं ओले केंस पुशीत बसल्या होत्या. त्या पाऊण तास पाण्यांत होत्या. पुतण्यानें शाल आणून पांघरली, नाडी पाहिली, गोळी दिली. त्यांनीं सारें करूं दिलें. चष्म्याच्या रबराचा लाल वळ कपाळावर तसाच होता. सूनबाईंनीं विचारलें, "आई, कसें वाटलें?" त्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ सांगत असत, खालीं नुसती वाळू आहे, तुला काय पाहायचें आहे त्यांत." आणि हंसल्या.

परतीच्या होडींत वारा सुटला होता. मुलें पेंगत होतीं. वहिनींनीं मला विचारलें, "आपल्याकडे कुठें असें आहे का हो?" मीं सांगितलें, आहे; मालवणास सिंधुदुर्गाच्या भोंवतालीं प्रवाळ आहे, १९८७ पासून तेथें सागरी अभयारण्य आहे, आणि पाण्यांत उतरवून दाखविणारे लोकही आहेत. पाणी इतकें नितळ नसतें. पावसाळा सरून गाळ बसला कीं मार्गशीर्ष-पौषांत बरें दिसतें. त्यांनीं बोटांवर महिने मोजले. पुतण्या समोर बसून हें ऐकत होता. त्यानें खिशांतून फोन काढला आणि, कोणाकडे न पाहतां, कुडाळपर्यंतच्या गाडीच्या वेळा पाहूं लागला.